चाळीस सेकंदांची कविता

इंडियानापोलिस,
२३ फेब्रुवारी २०१४

ती. ऑरविलमामांस,
रसेलचा सा. न. वि. वि.

देशभरची कॉलेजची पोरं इथे व्यावसायिक फुटबॉलच्या निवडचाचणीला गोळा झाली आहेत आणि आम्ही थोराड गृहस्थ फूटपट्टीने त्यांचे पंजे मोजत बसलो आहोत. तुमचा विद्यार्थी टोबी केसलर, त्याचा पंजा साडेनऊ इंच भरला. फेक तर बंदुकीच्या गोळीसारखी.

घोडं अडलंय वेगळीकडेच. कॉलेजात क्वार्टरबॅकला, म्हणजे डाव चालवणाऱ्या गड्याला, मैदानाबाहेरून चित्रांच्या पाट्या दाखवतात. कोंबडा, टोस्टर, काय वाटेल ते. ते पाहून सगळा संघ आपापलं काम ओळखतो. याला तोंड उघडावंच लागत नाही. आमच्या व्यावसायिक खेळात प्रशिक्षक हेल्मेटमधून क्वार्टरबॅकच्या कानात वीस शब्दांचं फर्मान सोडतो. याने ते दहा जणांच्या घोळक्यात जसंच्या तसं म्हणायचं आणि चाळीस सेकंदांच्या आत डाव सुरू करायचा. गेल्या वर्षी मी निवडलेल्या पोराला तिसऱ्या शब्दालाच घाम फुटे. यंदाही फसलो तर संघाचे साहेब मला त्यांच्या मेव्हण्याच्या गाद्यांच्या दुकानात पाठवणार आहेत.

टोबीचं पाठांतर कसं होतं? भाचा म्हणून गोड बोलू नका, खरं सांगा. मामींचा गुडघा कसा आहे?

तुमचा,
रसेल

मॅरिएटा, ओहायो,
१ मार्च २०१४

चि. रसेल यास,
ऑरविलमामाचे अनेक आशीर्वाद.

पाठांतर म्हणतोस? अरे, ती नदीवरची एकाहत्तर ओळींची कविता! टोबी खिडकीशी उभा राहून म्हणाला होता. बाहेर मेपलची पानं गळत होती. एक शब्द चुकला नाही. मी शिकवल्याप्रमाणे दर ओळीशेवटी थांबायचा, शब्द हवेत विरेपर्यंत. शेवटी मागच्या बाकावरची टारगट पोरंसुद्धा पुढे सरकून ऐकू लागली. मी शंभरपैकी शंभर दिले. उभ्या नोकरीत एकदाच.

तीच कविता तू आगगाडी सुटल्यासारखी म्हणायचास. तुला चाळीस दिले तेव्हा तुझी आई महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती.

डोळे मिटून टोबीला घे. मामीचा गुडघा माझ्यापेक्षा बरा चालतो. मामावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

ऑरविलमामा

सरावतळ,
१० ऑगस्ट २०१४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या शब्दावर टोबीला घेतलं. तो वीसच्या वीस शब्द बिनचूक म्हणतो. सुरेख म्हणतो. दीडशे किलोचा आमचा एक गडी परवा घोळक्यात चक्क डोळे पुसत होता. पण दर दोन शब्दांनी टोबी थांबतो आणि घड्याळ संपतं! कालच्या सामन्यात उशिरापायी पाच वेळा दंड झाला. पंचवीस यार्ड मागे गेलो. त्याला झापलं, तर म्हणतो, अर्थ पोचल्याशिवाय पुढची ओळ घ्यायची नाही असं सरांनी सांगितलंय.

साहेबांनी आज मला गाद्यांचे भाव विचारले. पुढच्या शनिवारी शेवटची संधी, त्याला आणि मलाही. तो माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. मामा, असाल तसे निघा.

तुमचा घायकुतीला आलेला,
रसेल

मॅरिएटा,
१७ ऑगस्ट २०१४

चि. रसेल यास,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या सरावतळावरून परवा सुखरूप घरी पोचलो. चाळीस वर्षं ज्यासाठी पोरांवर डाफरलो, तेच शिकवायला या वयात दोनशे मैल गाडी हाकली. त्यात मी म्हणून दाखवायला गेलो तर माझीच जीभ ओळीशेवटी थांबे! टोबी बिचारा वहीत तेही उतरवून घेत होता. म्हणून नाइलाजाने तुला उभं केलं. कान लाल झाले होते तुझे, पण आगगाडी तीच रे! पहिलं कडवं नऊ सेकंदांत! नदी नाही, काठ नाही, संध्याकाळ नाही. टोबी आधी हादरला, मग हसला, मग तुझ्यामागोमाग सुटला.

काल टीव्हीवर पाहिलं. एकही दंड नाही. त्याचे ओठ इतके भराभर हलत होते की मला बघवेना. मामीने विचारलं, भाच्याची नोकरी वाचली, पोराचं नशीब उघडलं, आणि तुम्ही घरात कुणी गेल्यासारखे का बसलात?

रात्रीच गुणांची जुनी वही काढली. तुझे चाळीस खोडून नव्वद केले. आईला कळव, आता तरी रुसवा सोड म्हणावं. टोबीचे शंभर मात्र तसेच ठेवलेत. आता तो त्या लायकीचा उरला नाही, हे त्याला सांगू नकोस.

लोभ ठेव, आणि पत्र तरी सावकाश लिहीत जा.

ऑरविलमामा