सत्तावीस फेब्रुवारीचं सूप

दाहाबोन, २७ फेब्रुवारी

चि. सौ. मिरलांद हिस अनेक आशीर्वाद.

सूनबाई, आजारी आईला बघायला तू नदीपलीकडे हैतीत गेलीस आणि तुझ्यामागे पुलाचं फाटक बंद झालं. कधी उघडेल, कुणी सांगत नाही.

आज नदीच्या अलीकडे, आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. मी दारावर झेंडा लावत होते, तर तुझी लिसेत म्हणाली, "आजी, स्वातंत्र्यदिन ना? मग भोपळ्याचं सूप कुठंय?"

आता या पोरीला काय सांगू? ते सूप तुमचं हैतीवाल्यांचं, एक जानेवारीचं, तुमच्या स्वातंत्र्यदिनाचं. फ्रेंच मालक ते गुलामांकडून रांधून घ्यायचे पण चाखू द्यायचे नाहीत, म्हणून स्वतंत्र झाल्यापासून तुम्ही ते घरोघर वाटता. आणि आम्ही आज स्वतंत्र झालो, ते तुमच्याच राज्यातून!

तरी केलं. वास पसरला तशी शेजारची ओर्तेन्सिया कुंपणावरून ओरडली, "एल्पिदिया, आजच्या दिवशी हैतीचं सूप? लाज नाही वाटत?"

"वाटते ना. वाडगा आण."

दोनदा घेतलं मेलीने. लिसेतने मात्र एक घोट घेऊन चमचा खाली ठेवला. "आईसारखं नाही झालं."

कसं होणार? तू करायचीस तेव्हा मी नाक मुरडून ओसरीवर जाऊन बसायचे. त्यात काय घालतेस ते कधी बघितलंच नाही.

हे पत्र न्यायला कुणी नाही, आणि असतं तरी मी दिलं नसतं. सासू आहे मी. फाटक उघडलं की तूच ये आणि चुलीपाशी उभी राहा. नाक मुरडायला मी आहेच.

तुझी सासू,
एल्पिदिया