येईल त्याचा तुकडा

४ नोव्हेंबर

नोकरी लागली! एकोणीस वर्षं साप्ताहिकात नगराध्यक्षांपासून पाववाल्यापर्यंत सगळ्यांची सालटी काढली. ते बंद पडलं तेव्हा गावात कुणी डोळे पुसले नाहीत. आता चौपन्नाव्या वर्षी ‘ले तियेल’ वृद्धाश्रमात मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी आठवणींचा वर्ग घ्यायचा. नऊ जण, सगळे ऐंशीच्या पुढचे आणि सगळे स्मृती हरवलेले. म्हणजे माझे लेख कुणालाच आठवणार नाहीत. एवढी चांगली सुरुवात मला आजवर कुठेच मिळालेली नाही.

संचालिका मादाम कास्तेल यांनी मुख्यालयाकडून आलेली पेटी हातात दिली. आयफेल टॉवरचं चित्र, माँ-सँ-मिशेल या भरतीच्या पाण्याने वेढल्या जाणाऱ्या मठाचं चित्र, बेरे टोपी, वीतभर अकॉर्डियन, लव्हेंडरची पुरचुंडी. हा फ्रान्स मी फक्त विमानतळावरच्या दुकानात पाहिला आहे. नियम एकच, म्हणाल्या: इथे कुणाचंही बोलणं खोडायचं नाही. कुणी म्हणालं टॉवर माझ्या बापाने बांधला, तर आपण म्हणायचं, हो का, आणि रंग कुणी दिला? भेटायला येणाऱ्यांनाही त्या दारातच हे बजावतात.

नोएमीला फोन करून सगळं सांगितलं. ती नान्तला नर्सिंग शिकते. म्हणाली, आई, त्या बिचाऱ्यांना तरी सोड.

८ नोव्हेंबर

पेटी कुचकामी. टॉवरचं चित्र फिरवलं तर दाताच्या डॉक्टरकडची भिंत बघावी तसे सगळे बघत राहिले. मस्यू फुरने यांनी चाळीस वर्षं रेल्वेचं फाटक सांभाळलं. म्हणाले, पोरी, पॅरिसला कशाला तडमडायचं? पॅरिसच रोज माझ्या फाटकातून जायचं. एवढं बोलून झोपले. मादाम तेलिये पूर्वी कपडे शिवायच्या. लग्न नाही, मूल नाही, भेटायला कुणी नाही, आणि दोन वर्षांत तोंडातून शब्द नाही.

ती शांतता मला सोसेना, म्हणून मीच बोलत सुटले. माँ-सँ-मिशेलचं चित्र धरून सांगितलं, मी सात वर्षांची होते, भरती आली, बाबांनी मला खांद्यावर घेतलं आणि वाळूतून पळत सुटले. नऊच्या नऊ माना माझ्याकडे वळल्या. एकोणीस वर्षांत इतकं भुकेनं मला कुणी वाचलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर

आज मस्यू फुरने चित्र बघून आपणहून बोलले. भरती आली, बापाने खांद्यावर घेतलं, माझी डावी चप्पल चिखलात रुतली आणि बापाने मठातल्या एकेका संताच्या नावाने शिवी हासडली. सगळे हसले. मादाम कास्तेल दारातून टाळ्या वाजवत होत्या. मी नियमाप्रमाणे म्हटलं, हो का, मग?

डाव्या चपलेचं मी इथे कुणाला सांगितलं नव्हतं. शिव्यांचं तर नाहीच.

घरी येऊन बाबांचा खांदा आठवायला बसले. मी सात वर्षांची होते हे ठाऊक आहे, कारण वर तसं लिहिलं आहे. पण ओला शर्ट, तंबाखूचा वास, त्यातलं काहीच येत नाही. दुसऱ्याच्या घरचा फोटो बघावा, तसं वाटतं.

२९ नोव्हेंबर

दोन आठवड्यांत माझी पहिली सायकल गेली, काकूच्या स्वयंपाकघरातला कॉफीचा वास गेला, लग्नातला पाऊसही गेला. (घटस्फोट मात्र कुणी उचलत नाही. एवढे काही विसरलेले नाहीत बेटे.) आता मी तोंडही उघडत नाही. त्याची गरजच उरलेली नाही. ते सुरुवात करतात, मी ‘हो’ म्हणते, आणि त्या ‘हो’बरोबर वस्तू त्यांची होते.

म्हणून आज फुरन्यांना ‘नाही’ म्हणून पाहिलं. म्हटलं, ती सायकल माझी आहे. ते हुंदके देऊन रडले, मला लुटलं म्हणाले, आणि जेवणाची थाळी परत पाठवली.

३ डिसेंबर

फुरने अजून जेवत नाहीत. मादाम कास्तेल मला ताकीद देताना म्हणाल्या, बाई, तुमच्याकडे आठवणी पोत्याने पडल्या असतील, त्यांच्याकडे ही एकच होती. दुपारी त्यांच्या उशाशी बसले आणि म्हटलं, मस्यू, सायकल तुमचीच. ते उठून बसले आणि दोन वाट्या सूप प्यायले.

काहीही नेवोत. नोएमी देणार नाही. सगळं लिहून ठेवते: सहा वर्षांची असताना लाल बूट घालूनच झोपायची, अजूनही लालच घेते. टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर एका डच माणसाच्या कॅमेऱ्यावर ओकली होती. खोटं बोलताना डावा कान ओढते. हसताना खालचा ओठ आधी हलतो.

१३ डिसेंबर

राजीनामा लिहिला आणि टेबलाच्या खणात ठेवायला गेले. खणात आधीच दोन राजीनामे होते. दोन्ही माझ्याच अक्षरात, एक पाच तारखेचा, एक दहाचा. दिलेच नाहीत की द्यायचे राहिले? आज वर्गात काय झालं तेही—

२० डिसेंबर

मादाम तेलिये बोलल्या.

मी टॉवरचं चित्र लपवलं होतं. कुणीतरी पुन्हा पेटीत ठेवलं. त्यांनी उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाल्या, माझी नोएमी वर ओकली होती हो, डच माणसाचा कॅमेरा खराब केला माझ्या भवानीने. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. परिचारिका रडत होत्या. मादाम कास्तेल माझ्याकडे बघत होत्या. बाकीचे आठ जण माझ्याकडे बघत होते.

दोन वर्षांनी बोलली ती बाई. जगात तिचं कुणी नाही.

‘नाही’ ओठापर्यंत आणलं होतं. देवाशपथ आणलं होतं.

हो का, म्हटलं. मग?

२९ डिसेंबर, रविवार

एका मुलीचा फोन आला. आवाज गोड. मला आई म्हणाली. नियमाप्रमाणे हो म्हटलं. घाबरलीस का आई, म्हणाली, तू अशी का बोलतेस? सुट्टी काढते, सहा तारखेला राजांच्या सणाला येते.

फोन ठेवल्यावर तीन डिसेंबरचं पान वाचलं. लाल बूट. कान. ओठ. अक्षर माझं आहे. वाचलं तर समजतं. आठवत नाही.

४ जानेवारी

पान पुन्हा वाचलं. सकाळपासून सात वेळा. तिची आई मी आहे. तिची आई मी आहे. फोन करून सांगायला हवं, येऊ नकोस— वहीत नंबर नाही. तो मला नेहमी तोंडपाठ—

६ जानेवारी

सगळे टेबलाभोवती. राजांच्या सणाचा बदामाचा केक, गालेत, गरम आहे. तुकडा कुणाचा ते सर्वांत लहानाने टेबलाखाली बसून सांगायचं. लहान मीच, चौपन्न. वही खिशात होती म्हणून खाली बसून लिहिते आहे. वरून मादाम कास्तेल विचारतात, हा कुणाचा? मी म्हणते, फुरन्यांचा. हा कुणाचा? तेलियेबाईंचा. सगळे टाळ्या वाजवतात.

एक तुकडा उरला. येईल त्याचा तुकडा. प्रथा आहे.

दार वाजलं. पावलं. दारात कुजबुज— मादाम कास्तेल कुणाला तरी नियम सांगताहेत.

टेबलक्लॉथच्या खालून बूट दिसले. लाल.

पान वाचलंय मी. लाल म्हणजे—

वरून: हा तुकडा कुणाचा? नाव सांगायचं आहे. पानावर आहे. अंधारात पान सापडत—

तेलियेबाई ओरडल्या, माझ्या पोरीचा! आलीस का गं? मी तुझी आई, ओळखलंस ना?

लाल बूट एक पाऊल मागे सरले. नाही म्हण. पोरी, नाही म्हण. नियम मोड—

हो, म्हणाली ती. हळूच. म्हातारीला बरं वाटावं म्हणून. हो आई, म्हणाली.

आता विचारते आहे, माझी आई कुठे आहे, इथे काम करते ती? मादाम कास्तेल हसून म्हणतात, टेबलाखाली.

लाल बूट वळले. गुडघे टेकले. कापड उचललं जातंय— उजेड— कुणाचा तरी खालचा ओठ आधी हलला आणि मी तिला अदबीनं विचारलं, आपण कोणाला भेटायला—