नसलेली करंगळी

मंगळवार, संध्याकाळ. भवानीनगर.

आज परत डाव्या पायाची करंगळी दुखतेय. पाय अपघातात गुडघ्याखालून गेला, मग करंगळी कुठली दुखतेय? पण दुखतेय, घट्ट बुटात मुडपल्यासारखी. रविवारी बारामतीला दिव्यांगांच्या भालाफेकीची निवड आहे. गोळी घेतली की सकाळी हात जड पडतो, म्हणून घ्यायची नाही.

मानसतज्ज्ञ मॅडम फोनवर म्हणाल्या, "दुखण्याशी भांडू नकोस. डोळे मिट, पाय आहे असं समज आणि एकेक बोट सैल सोड." चार बोटं सुटली. करंगळी नाही. असला राग आला! एवढी हट्टी कुणावर गेलीय ही? माझ्यावरच, दुसरं कोण.

तेवढ्यात आई खांद्याला लावायला कोमट तेल घेऊन आली. खांदा झाला, मग गुडघा चोळला, आणि पाय संपतो तिथं तिचा हात नेहमीसारखा थांबला. मी म्हटलं, "आई, अजून खाली चोळ. करंगळीपाशी."

"हितं काय हाय चोळायला?"

"मला हाय तितं."

वाटलं, आता रडेल. रडली नाही. रिकाम्या चादरीवर हळूहळू हात फिरवत राहिली, एकेका बोटावरून फिरवावा तसा. मी बघत होते.

"ही व्हय?"

"हीच."

करंगळी सुटली का? थोडी. खरंच, की आईसाठी म्हणतेय? नाही, सुटली.

उठताना तिनं गोधडी ओढली आणि दोन्ही पायांखाली नीट खोचली.