मुद्दाम चुकलेली उत्तरं

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तू निघालास त्या सकाळी, देवाला हात जोडून झाल्यावर, मी पायरीवर बसून तुझ्या बुटांचा चिखल खरवडत होतो. तू मागून आलास आणि आई उठली का, म्हणून विचारलंस. आईला जाऊन सहा वर्षं झाली. मी उठली म्हणालो. का म्हणालो, मला अजून कळत नाही. तुझ्या वहिनीने दारातून ऐकलं. ती म्हणते, आपला हा रेडा मैदानात कुठेतरी जोरात आपटलाय.

तेरा वर्षं पगारी रग्बी खेळतोयस. डोक्याला किती मार बसले, खरं सांग. तुमचे डॉक्टर तपासतात ना?

इकडे सर्व ठीक. लोभ आहेच.
तुझा दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

वहिनीला सांग, रेडा ठणठणीत आहे. झोपेत होतो, बोललो काहीतरी.

डॉक्टर तपासतात. मोसमाआधी शब्दांची यादी ऐकवतात, ती पाठ म्हणायची. सामन्यात डोकं आपटलं की तशीच परीक्षा पुन्हा. गुण घसरले की बाहेर. म्हणून मी पहिल्याच परीक्षेत मुद्दाम चुकतो, मग घसरायला जागाच उरत नाही. युक्ती तुझीच! पहिल्या चाचणीत कमी लिही, म्हणजे वार्षिकला गुरुजी प्रगती झाली म्हणून पाठ थोपटतील, असं तूच शिकवलं होतंस.

गंमत सांगू? यंदा मुद्दाम चुकावं लागलंच नाही. एकही शब्द आठवला नाही.

अजून दोन मोसम खेळू दे. दुसरं मला काय येतं? कुणाला बोलशील तर माझी शपथ. वहिनीस नमस्कार. माया असू द्यावी.
तुझा धाकटा

२२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र वहिनीला वाचून दाखवलं. ती घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

ती युक्ती शिकवताना मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं. चार दिवस देवापुढे बसलो. तुझी शपथ मोडायला धीर होत नव्हता. पण शनिवारी तू पुन्हा मैदानात उतरणार होतास.

तू माझं तोंड पाहणार नाहीस, हे धरून चाललोय. रागावलास तरी जेवण टाळू नकोस. तुझा लोभ राहो न राहो, माझा आहे. काल सकाळच्या गाडीने येऊन तुझं पत्र मी तुमच्या डॉक्टरांच्या हातात दिलं.

दादा