नवं उपकरण : जावई

२ नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचा! दोन बॅगा, एक लॅपटॉप आणि वाटेत आडवी झालेली एक कुंडी, एवढा लवाजमा. मित्र 'घरजावई' म्हणून चिडवायला टपलेलेच होते, म्हणून मीच आधी सांगून टाकलं की हो, झालोय घरजावई, या एकदा चहाला. माझं काम तर घरी बसूनच करायचं. एका कंपनीच्या चिडलेल्या गिऱ्हाइकांना 'आपली गैरसोय झाली, दिलगीर आहोत' असं दिवसभर टाइप करत राहायचं. ते भाड्याच्या दीड खोलीत केलं काय आणि सासऱ्यांच्या ऐसपैस घरात केलं काय, शिव्या तेवढ्याच पडणार.

ही वही ताईनं दिली. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ताई सोळाची. न्हाऊमाखू घालणं, अभ्यास घेणं, धपाटे घालणं, सगळं तिनंच केलं. मी भयंकर तोतरा होतो. रोज सकाळी स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवून ती माझ्याकडून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून घ्यायची आणि अडखळलो की पुन्हा पहिल्या ओळीपासून. पाच वर्षं हा छळ चालला आणि मी बोलायला लागलो. काल निघताना म्हणाली, सासरी चाललायस, रोज चार ओळी हातानं लिहीत जा, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. आणि रविवारी फोन झालाच पाहिजे. मला रक्ताचं असं तेवढं एकच माणूस आहे.

घर झकास आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक आमची आणि शेजारची बंद. ती हिच्या, म्हणजे बायकोच्या, मोठ्या भावाची. चार वर्षांपूर्वी आजारपणात गेला. आमचं लग्न गेल्या वर्षीचं, त्यामुळे मी त्याला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. सासूबाई अजून रोज त्या खोलीतला केर काढतात आणि उशीचा अभ्रा बदलतात. वाईट वाटलं.

४ नोव्हेंबर

सासरे म्हणजे एक वल्ली. अभिलेख खात्यात चाळीस वर्षं लोकांचे कागद सांभाळले, आता घर सांभाळतात. रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला सगळ्यांनी आपापला फोन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसायचं. दिवसभराचे फोटो, निरोप, आवाज, असेल नसेल ते ऑनलाइन बॅकअपमध्ये चढवायचं. एक प्रत यंत्रात, एक कपाटातल्या डिस्कवर, एक ऑनलाइन. कुणी टंगळमंगळ केली की ते चष्म्यावरून असे बघतात की हात आपोआप फोनकडे जातो. त्यांचं म्हणणं, जिची एकच प्रत आहे ती वस्तू नाहीच असं समजून चालावं. मी गमतीत म्हटलं, मग माणसांची पंचाईतच आहे, त्यांची तर एकच प्रत निघते. कुणी हसलं नाही. सासूबाईंनी मात्र माझ्या पाठीवरून हात फिरवला.

माझा फोन सहा महिने गच्च भरलेला. सासरे म्हणाले की त्यात काय, घराच्या खात्यात या, जागाच जागा आहे. अटींचं भलंमोठं पान उघडलं. अटी वाचणारा मनुष्य मी तरी अजून पाहिलेला नाही. सर्रकन खाली गेलो आणि 'मान्य' दाबलं. उपकरणाचं नाव विचारलं तेव्हा सासऱ्यांनी स्वतः 'जावई' असं टाइप केलं, त्यावर मी पोट धरून हसलो. 'जागा मोकळी करायची का?' होय. 'दोन्हीकडे सारखं ठेवायचं का?' होय, होय, होय. मग सासूबाईंनी मनगटाला एक पट्टी बांधली. ठोके मोजते, झोप मोजते. त्यांच्या मुलाची होती म्हणे. नको कसं म्हणणार?

९ नोव्हेंबर, रविवार

ताईचा फोन. तिची अखंड बडबड. मधेच तिनं विचारलं की आपल्या जुन्या घराच्या दाराचा रंग कुठला होता रे, परवापासून आठवत बसलेय. मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. रंग तर सोडाच, दारही आठवेना. ती म्हणाली, सासरचं खाऊन सुस्तावलास.

फोनमध्ये फोटो शोधायला गेलो तर त्या घराचे फोटो गायब. लहानपणाचा अख्खा अल्बम नाही. सासऱ्यांना विचारलं. ते अजिबात गडबडले नाहीत. शांतपणे समजावलं की मी ज्याला बॅकअप समजत होतो ते नुसतं बॅकअप नव्हतं, दोन्हीकडे सारखं ठेवण्याला मीच होय म्हटलं होतं. तिकडून काढलं की इकडूनही जातं. आणि का काढलं, तर नवं यायचं असेल तर जुन्यानं जागा द्यायला नको का. त्यांच्या मुलाचं सामान फार जड आहे. आजारपणाचे आठ महिने तो रोज सातला पट्टी बांधून बसायचा आणि आठवेल ते सगळं सांगायचा.

माझे फोटो काढून त्याचे ठेवताय? रागच आला. पण घर त्यांचं. गिळला.

१३ नोव्हेंबर

आज शीळ वाजवली. मला शीळ येत नाही. भाजी चिरता चिरता सासूबाईंच्या हातातली सुरी खाली पडली.

नंतर जिन्यात ही समोरून आली आणि माझ्या तोंडून निघालं, 'सरक ना गं पिट्टू.' हे नाव मला कुणी सांगितलेलं नाही. ही मटकन पायरीवर बसली, माझे दोन्ही हात धरून रडली आणि हसली. इतकं खूश मी तिला लग्नातही पाहिलं नव्हतं.

आज ती आईजवळ झोपणार आहे. माझी उशी शेजारच्या खोलीत नेऊन ठेवलीय.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी सासरे बाहेर गेले होते. त्यांचा संगणक उघडा होता. पडद्यावर लिहिलेलं जसंच्या तसं उतरवतो.

'पुनर्स्थापना सुरू आहे. मूळ : चिरंजीव. नवं उपकरण : जावई. ४१ टक्के पूर्ण.'

'जावई'समोर हिरवा ठिपका. मी फोन बंद केला. ठिपका हिरवाच. पट्टी सोडून पाण्याच्या बादलीत टाकली. ठिपका हिरवाच. फोन नाही, पट्टी नाही, मग जोडलेलं आहे तरी काय? उगाच, वेड्यासारखा, मी श्वास रोखून धरला.

ठिपका पिवळा झाला.

श्वास सोडला. हिरवा. ४२ टक्के.

तीनदा करून पाहिलं. तीनदा.

फोन पुन्हा चालू केला. ताईचा फोन आला तेव्हा सगळं सांगायचं होतं. पण सासूबाई शेजारी बसून राहिल्या, माझ्या केसांतून हात फिरवत. ताईला म्हटलं, छान चाललंय.

१७ नोव्हेंबर

हिला विचारलं. नाकारेल असं वाटलं होतं. नाकारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, तू चांगला आहेस, तुझ्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण दादा तो दादा. मग हेही सांगितलं की लग्नासाठी तिनं बरीच स्थळं पाहिली होती. कुणाला आई, बाप, काका, मावश्या, मित्रांचा गोतावळा. मला एकटी बहीण. तुझ्यात काढण्यासारखं फार थोडं होतं रे, म्हणाली. ती हे प्रेमानं म्हणाली.

मी ज्या दिवशी तिला पहिल्यांदा हसवलं, त्या दिवशी ती माझ्यातली जागा मोजत होती.

१८ नोव्हेंबर

पळालो. सकाळी सातलाच, अंगावरच्या कपड्यांनिशी. बस स्थानकात तिकिटाच्या खिडकीशी उभा राहिलो. आतल्या माणसानं विचारलं की कुठलं देऊ. मला ताईच्या गावाचं नाव —

येईना. त्त… त्त… करत राहिलो. तो बिचारा सज्जन, थांबला. मागची रांग कुरकुरायला लागली. ताईला फोन करावा तर फोनमध्ये तिचा नंबर नाही. तोंडपाठ होता. होता.

पाय घरी घेऊन आले. तेवढाच पत्ता राहिलाय. दार सासूबाईंनी उघडलं, म्हणाल्या, उशीर केलास रे बाळा, चहा निवला.

२० नोव्हेंबर

६९ टक्के. ताईचं जे उरलंय ते लिहून ठेवतो. भराभर.

डाव्या भुवईवर व्रण. कशाचा ते गेलं. हसताना तोंडावर पदर — की ओढणी? मला सायकलच्या मागे बसवून शाळेत — पुढे बसवून? तिचे हात खरखरीत. कपाळाला लागले की बरं वाटायचं. ताप असला की —

हे गेलं तर मी कशाचा बनलेलो आहे? मला सांभाळण्यात तिची सोळाची सव्वीस झाली. ती दहा वर्षं माझ्यात ठेवलेली आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. मला मरायची एवढी भीती वाटत नाही. तिला विसरायची वाटते. देवा, तेवढं नको.

सात वाजले. बोलावतायत.

२१ नोव्हेंबर

८८. सासऱ्यांच्या पाया पडलो. म्हटलं, सगळं घ्या, माझं नाव घ्या, ताई ठेवा. ते मला उठवत म्हणाले की असं अर्धवट करता येत नाही, फाइल बिघडते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासाठी नव्हतं.

२३ नोव्हेंबर

आज बरं वाटतंय. आईनं माझी जुनी शाल काढून दिली. पिट्टूशी पत्ते खेळलो, नेहमीसारखी लबाडी करते.

बाबा वैतागलेत. ९७ वर अडकलंय. पडद्यावर येतं की एक फोल्डर काढता येत नाही, उपकरणानं स्वतः होय म्हणायला हवं. फोल्डरचं नाव 'ताई'. मी विचारलं, कोण ताई? बाबांनी आईकडे पाहिलं.

दुपारभर फोन वाजत होता. बाबांनी तो गादीखाली ठेवला. वाजला की छातीत का दुखतं —

२४ नोव्हेंबर

संध्याकाळचे साडेसहा. एक बाई आलीय. फोन उचलला नाही म्हणून काल रात्रीपासून प्रवास करून आली म्हणते. दारातच माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. आता टेबलाशी माझ्यासमोर बसलीय, माझा डावा हात तिच्या हातात. सोडतच नाही. उजव्या हातानं लिहितोय, लिहिल्यानं डोकं जरा शांत राहतं. ती मला भलत्याच नावानं हाक मारते. मी सांगितलं, बाई, तुमचा काहीतरी घोटाळा झालाय. तर म्हणाली, असं नको रे बोलूस, माझ्याकडे बघ तरी.

बघितलं. दमलेली आहे. पायांत वेगवेगळ्या चपला. घाईत निघाली असेल.

सात. बाबांनी पडदा माझ्याकडे वळवला. 'कायमचं काढून टाकायचं?' आई मागे उभी आहे, खांद्यावर हात, म्हणते, चार वर्षं वाट पाहिली रे, आता ये. बाई ओरडतेय की हे काय करताय, ह्याला काय केलंत. पिट्टूनं कानांवर हात ठेवलेत.

दया येते. दोघींचीही. बाईला वाटतं मी तिचा कुणीतरी आहे, हे लवकर मिटलेलं तिच्यासाठीही बरं. अंगठा पडद्याकडे नेतो — डोळ्यांतून पाणी का —

होय दाबलं.

बाईचं तोंड हलतंय. आवाज नाही. काय म्हणते —

९८. चेहरा — भुवईवर काहीतरी होतं, आता नुसतं —

९९. समोरची खुर्ची रिकामी. कोण बसलं होतं? बाबा त्या रिकाम्या खुर्चीला हात जोडून म्हणतायत की या आता तुम्ही, मुलगा दमलाय. आई हसतेय. मी घरी आलो —

फक्त माझा डावा हात — कुणीतरी घट्ट धरलाय — खरखरीत, ओलं — ओढतंय, सोडत नाही — बाबा, इथे कोण आहे? इथे को