नऊ नंबरची टाकी

ता. ४, शनिवार

नोकरी मिळाली, क्वार्टर मिळालं, आणि क्वार्टरला चक्क खिडक्याही आहेत! बायकोला कळवून टाकलं, पुढच्या रविवारी लेकीला घेऊन ये. गच्चीवर टाकी आहे, पाणी भरपूर. पाणीपुरवठ्याच्या क्वार्टरला पाणी नसेल तर असणार कुणाकडे?

काम सोपं आहे. डोंगरातल्या आठ टाक्यांत किती पाणी आहे ते रेडिओ मोडेमनं ऑफिसात कळवायचं. प्रत्येक मोडेमला त्याचा नंबर. मध्ये डोंगर आडवा आला की रिपीटर बसवायचा. तो ऐकतो आणि ऐकलेलं पुढे सांगतो. थोडक्यात, आमच्या आत्याबाई.

आधीचा तंत्रज्ञ पगारही न घेता पळाला, असं साहेब म्हणाले. पगार न घेता पळणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. हसलो आणि सही केली.

ता. ७, मंगळवार

खिंडीच्या माथ्यावर रिपीटर बसवला. आपल्या आठ नंबरांचंच पुढे पाठव, बाकीचं अडव, असं त्याला सांगून ठेवायचं असतं. चाचणीपुरतं मी मोकळं सोडलं, जो येईल त्याला पुढे ढकल. नंबर घालायला पुन्हा चढावं लागणार होतं. साहेब म्हणाले, चालतंय ना? मग राहू दे. दुसरा रिपीटर माझ्याच गच्चीवर लावला, तोही तसाच. जेवण चवीनं जेवलो.

ता. ९, गुरुवार

पडद्यावर नऊ नंबर आला. आपल्याकडे नऊ नाही. सिग्नल अगदी क्षीण. पातळी काठोकाठ.

साहेब म्हणाले, तुमच्याच हातून नंबर चुकला असेल. चोराच्या उलट्या बोंबा, हे मला संध्याकाळी पंपवाल्याकडून कळलं. नऊ होता, म्हणाला. खिंडीपलीकडे. आधीचा तंत्रज्ञ मोडेम लावायला टाकीत उतरला होता. साहेबांनी कुणाला न विचारता फोनवरून पाणी सोडायला लावलं, आणि व्हॉल्व्ह या पंपवाल्यानंच फिरवला. मग झाकणावर काँक्रीट ओतलं. रजिस्टरात शेरा मारला, पळाला. त्याची बायको आणि मुलगी त्याच आठवड्यात राहायला आल्या, याच क्वार्टरमध्ये, आणि पळपुट्याची माणसं म्हणून परत गेल्या.

पंपवाला रडत होता. इतकी वर्षं तो नऊ बोंबलत असेल, म्हणाला, पण खिंडीपलीकडचं ऐकणार कोण? तुम्ही वाट करून दिलीत.

मोडेमची बॅटरी महिनाभरही टिकत नाही. हे मी त्याला सांगितलं नाही.

ता. १०, शुक्रवार

नऊचा सिग्नल वाढला. पातळी शून्य. काँक्रीटखालची टाकी रिकामी कशी होईल?

साहेबांना म्हणालो, पोलिसांना कळवा. तुम्हालाही पळायचंय का, असं विचारलं त्यांनी. अगदी गोड आवाजात. मी रजिस्टरात आठच टाक्यांची पातळी लिहिली. बायको-लेक यायच्यात, नोकरी टिकवायची आहे. थू माझ्या जिण्यावर.

ता. ११, शनिवार

खिंड ओलांडून नऊच्या टाकीपाशी गेलो. टाकीच्या झाकणाला भगदाड. काँक्रीटचे तुकडे बाहेरच्या बाजूला पडलेत. ओली वाट गावाकडे —

परतताना माथ्यावरचा रिपीटर उपटून पिशवीत घातला. आता नऊ ऐकू येता कामा नये.

ऑफिसात, दुपारी

येतोय. सगळ्यांत जोरात. रिपीटर माझ्या पिशवीत, तरी — म्हणजे तो खिंडीच्या अलीकडे आहे. आता फक्त गच्चीवरचा उरलाय. माझ्या गच्चीवरचा. मीच लावलेला.

उद्या येणार होत्या. उद्या.

बायकोचा फोन. एक दिवस आधीच आली, मला चकित करायला. म्हणाली, टाकी बघायला तुमच्या ऑफिसचा माणूस आलाय, नखशिखांत भिजलाय बिचारा, टॉवेल दिलाय. लेकीला भलत्याच नावानं हाक मारतोय, पण ती रमलीये त्याच्याशी. मी ओरडलो, बाहेर पडा. तिला ऐकूच — फोनात नुसतं पाणी —

पंपवाला गाडी काढतोय. लिहिलं नाही तर ओरडेन —

पडद्यावर दहा. आपल्याकडे दहा नाही. मागोमाग अकरा, इवलासा सिग्नल. दोन्हींची पातळी चढतेय. अजून काठाशी नाही — पोचलो तर अजू