मोठे सर बातम्या वाचतात

तीर्थस्वरूप ताईच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबरेच्या सद्यःस्थितीत आठांपैकी चारच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली चार टेकली असं धरून चाल.)

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. तू पाकीट चिकटवताना जेवढा डिंक वापरतेस तेवढ्यात एखाद्या ग्रंथालयाची बांधणी होईल. पाकीट फोडताना तुझ्या पत्राची वरची पट्टी डिंकाबरोबर निघून आली, आणि नेमका त्या पट्टीवरच मायना होता. त्यामुळे पन्नाशी उलटलेल्या मला तू अजून ‘चिरंजीव’ लिहितेस, की नुसतंच ‘प्रिय’, की रागाच्या भरात काहीच लिहिलं नव्हतंस, हे कळायला मार्ग उरलेला नाही. मी पडलो संस्कृतचा माणूस. मंगलाचरण हरवलेल्या ग्रंथाचा पुढचा मजकूर प्रमाण मानावा की नाही, यावर आमच्या लोकांत दोन तट पडू शकतात. दुर्दैवाने तुझा पुढचा मजकूर शाबूत होता आणि त्याच्या अस्सलपणाबद्दल कोणालाही शंका येणार नाही. “रोज संध्याकाळी अख्ख्या जगाला नमस्कार घालतोस, आणि आईला एक फोन करायला तोंड दुखतं का तुझं?” हे वाक्य तुझ्याखेरीज कोणाला लिहिता येईल?

भाऊजींचे गुडघे काय म्हणतात? (जिना चढताना ते अजून बांधणाऱ्यालाच शिव्या देतात, की आता पायऱ्यांशी थेट बोलणी सुरू केली आहेत?) आईबद्दल तू लिहिलंस की डोळ्यांना आता दिवस-रात्रही नीट कळत नाही, कान मात्र पूर्वीसारखेच तिखट आहेत. ते वाचून बरं वाटलं, आणि लगेच वाटेनासं झालं. का ते सांगतो.

तोंड दुखत नाही, ताई. घसा दुखत होता, आता तोही दुखत नाही. आवाज गेला आहे, एवढंच. गाठ काढल्याचं तुला ठाऊकच आहे (आईला कळू द्यायचं नाही, हेही आपण दोघांनीच ठरवलं होतं). आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर बसलो, पण कॅमेऱ्याने आत शिरून माझं दर्शन घेतलं ते त्या डॉक्टरांच्या खोलीत पहिल्यांदाच. गाठ निरुपद्रवी निघाली, मात्र जाताना सोबत आवाज घेऊन गेली. परत येईल का, असं मी पाटीवर लिहून विचारलं. डॉक्टर म्हणाले, बघू. सध्या माझ्या गळ्यातून जे निघतं ते सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तसं असतं. उपचार म्हणून पेलाभर पाण्यात नळी बुडवून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढायचे असतात. तुझी भावजय स्वयंपाकघरातून विचारते, मांजर आलंय का?

मग संध्याकाळच्या बातम्या कोण वाचतं, असं तू म्हणशील. त्या मोठे सर वाचतात. मोठे सर हे एक यंत्र आहे. आमच्या कचेरीतल्या तरुण इंजिनिअर मुलीने माझी जुनी ध्वनिमुद्रणं त्याला पोटभर खाऊ घातली आणि आता ते हुबेहूब माझ्या आवाजात कुठलाही मजकूर वाचतं, रेडिओवरही आणि टीव्हीवर चित्रांच्या मागूनही. मी सही करून परवानगी दिली. कोणी फसवलं नाही, उलट संपादकांनी (वयाने आपल्या पुतण्याएवढे, स्वभावाने गाय) चहा पाजून विचारलं. हा आवाज यंत्राचा आहे असं रोज जाहीरही करतात, पण हवामानानंतर, आणि आई माझा नमस्कार झाला की लगेच रेडिओ बंद करते हे तूच मला सांगितलं आहेस. कचेरीत आता यंत्राला ‘मोठे सर’ म्हणतात, कारण ते रजा मागत नाहीत, आणि मला ‘आपले सर’. मोठे सर वाचतात तो मजकूर मी तपासतो. जिथे थांबायचं तिथे सवयीने स्वल्पविराम देतो. मोठे सर त्यांना भीक घालत नाहीत.

तुला आठवतं, मी रेडिओवर लागलो तेव्हा घरात केवढं कौतुक झालं होतं? चाचणीच्या वेळी वृत्तविभागाच्या साहेबांनी मला दुष्काळाची बातमी वाचायला दिली. मी ती अशा खणखणीत उच्चारांत म्हटली की जणू बक्षीस घ्यायला उभा आहे. साहेब शांतपणे म्हणाले, “शास्त्रीबुवा, पाऊस पडलेला नाही. तुम्ही एवढे आनंदात का?” तेव्हापासून कचेरीत शास्त्रीबुवा झालो आणि पुढची कितीतरी वर्षं शोकाच्या बातम्या शोकाने वाचायला शिकत राहिलो. पण माझी खरी परीक्षा बातम्या संपल्यावर असे. कचेरीतला फोन वाजे आणि पलीकडे आई. बातमीबद्दल अवाक्षर नाही. कुठे युद्ध पेटलेलं असो की सरकार पडलेलं असो, ती एवढंच विचारणार: सर्दी झालीय ना? जेवला नाहीस? बायकोशी भांडून आलास का? (तिन्हींची उत्तरं बहुधा एकाच दिवशी होकारार्थी असत.) एकदा मला हवी असलेली जागा दुसऱ्याला मिळाली. मी ते घरी-दारी कोणालाही सांगितलं नव्हतं. बातम्या अशा वाचल्या की साहेबांनी पाठ थोपटली. आईचा फोन आला, “काय झालं?” मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, “मग दुसऱ्या बातमीला श्वास का चोरलास?”

पुढे टीव्हीवर गेलो, तेव्हा आमचे साहेब म्हणाले, शास्त्रीबुवा, आवाज नेताय, पण चेहऱ्याचं काय करणार? चेहऱ्याचं काम रंगभूषाकाराने अंगावर घेतलं. तो माझ्या टकलावर काळी पूड थापत असे. एकदा दिव्यांच्या उष्णतेने ती पूड विरघळली आणि एका थोर गायकाच्या निधनाची बातमी वाचताना काळा ओघळ कपाळावरून थेट नाकापर्यंत आला. प्रेक्षकांची पत्रं आली की असा शोक आम्ही कुठल्याच वाहिनीवर पाहिला नाही. मग मला बाहेर धाडू लागले. महापुराच्या वेळी पुलावर उभा होतो आणि कानातलं यंत्र मेलं. स्टुडिओतली निवेदिका प्रश्नांवर प्रश्न विचारते आहे आणि मला नदीशिवाय काही ऐकू येत नाही. मी पाण्याकडे बघत विचारवंतासारखी मान हलवत राहिलो. दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या संपादकांनी माझ्या संयमाचं कौतुक केलं. आईने (तेव्हा तिला दिसत होतं) फोन करून सांगितलं, तुला ऐकू येत नव्हतं, आणि मोजे ओले असतील तर बदल.

आता त्या मुलीची गोष्ट सांगतो, म्हणजे इंजिनिअर मुलीची. यंत्र तयार होत असताना तिने अदबीने विचारलं, “सर, जुन्या मुद्रणांत तुमचे श्वास फार ऐकू येतात. काढून टाकू का?” मी पाटीवर लिहिलं, काढ, मला तरी आता इतके कुठे लागतात? ती हसली, मीही हसलो (आवाजाशिवाय हसणारा माणूस भयंकर दिसतो, हे आरशात पाहून ठेवलं आहे). तिने श्वास काढले. मोठे सर आता एका दमात भूकंपावरून क्रिकेटवर जातात.

गेल्या आठवड्यात घरातला दिवा गेला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. काउंटरवर वाकून माझ्या सायकलच्या ट्यूबमधून ‘पिवळा, गोल, छोटा’ असं म्हणू लागलो, तर दुकानदाराने ओठांवर बोट ठेवलं. “काका, जरा दम धरा, बातम्या चालल्यात.” मी दम धरला. वरच्या फळीवरून माझा आवाज कुठल्याशा कराराविषयी सांगत होता, दुकानदार डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “काय गळा आहे बघा या माणसाचा. जराही थकत नाही.” मी मान हलवली. (पुलावरचा सराव कामी आला.) मग त्याने मला काय हवं ते अंदाजाने दिलं. सध्या आम्ही निळ्या उजेडात जेवतो आणि तुझी भावजय म्हणते, मत्स्यालयात राहिल्यासारखं वाटतं.

हे सगळं मी मजेत लिहू शकतो, ताई. लोक फसले तर फसू देत, लोकांनी माझी सर्दी कधी ओळखली होती? पण तुझ्या पत्राच्या शेवटी तू सहज एक वाक्य लिहिलं आहेस. आई बातम्या संपल्या की रेडिओ बंद करते, “बरा आहे तो,” एवढंच म्हणते आणि जेवायला बसते. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. एक चोरलेला श्वास जिला कळला, तिला एकही श्वास नसलेल्या बातम्या ऐकून मी बरा वाटतो. माझ्या आवाजाबद्दल आईचं कधी चुकलेलं मला आठवत नाही. की तिला सगळं कळलंय आणि तुला धीर यावा म्हणून ती तसं म्हणते?

भाऊजींना नमस्कार, आईला काय सांगायचं ते तुझ्यावर सोपवतो. तुझा मौनी धाकटा.

ता. क. भाऊजींना सांग, वादात मला हरवायची अशी संधी पुन्हा मिळायची नाही. त्यांनी राजकारण, गुडघे, काहीही काढावं.

ता. क. दुसरा. आईने पत्र वाचायला सांगितलं तर यातलं काही वाचू नकोस. मनाने काहीतरी जुळवून वाच. शेवटी ‘जेवतो वेळेवर’ असं घाल, म्हणजे तिला माझंच वाटेल.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं. पुढच्या महिन्यात मी येतो आहे. फोन करता येत नाही, निदान समोर तरी बसेन. माझं एक काम कर. मी आत आलो की तू आधी बोल. मोठ्याने सांग की धाकटा आलाय. मग मी तिच्याजवळ जाईन. हात हातात घेईन, हात तरी तिला ओळखू येईल. आजवर मी नुसतं ‘आई’ म्हटलं की तिला पुढे काही विचारावं लागलं नाही. आता या आवाजात मी ‘आई’ म्हणेन, आणि ती माझ्याकडे तोंड वळवून ‘कोण?’ असं विचारेल, याची मला फार भीती वाटते.